मेणवलीचा वाडा
१४. वाईजवळ कृष्णाकाठी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी (१७४२–१८००) बांधलेला सहा चौकी वाडा. बाहेरून गढीसारखा बंदिस्त. उजेड आणि वारा खेळतो तो आतल्या चौकांतून. दगडी जोत्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, जाड भिंती, आत भित्तिचित्रे. मागल्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी नदीत उतरणारा घाट. तिथल्या मेणेश्वराच्या देवळाजवळची १७०७ सालची पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत (१७३९) मिळवलेली. ‘मेणवली दप्तर’ म्हणतात तो नानांच्या कागदपत्रांचा संग्रह याच वाड्यातला, इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी तो उजेडात आणला. पेशव्यांचा पुण्यातला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. त्यामुळे पेशवाईतला मुत्सद्दी कसा राहत होता हे पाहायचे, तर अभ्यासकाने आधी मेणवलीच गाठावी.