हो बाई, उद्या नक्की आणतो!

परवा सकाळी आमच्या घरी पुन्हा तेच रामायण झालं. नात पहिलीत आहे. शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवतेय आणि पाण्याची बाटली ओट्यावर तशीच! "शंभर वेळा सांगितलं तरी तुझ्या लक्षात कसं राहत नाही गं?" इति सूनबाई. नातीचा चेहरा एवढासा झाला. मी मध्ये पडले नाही. आजी मध्ये पडली की प्रकरण वाढतं. पण दिवसभर मला माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष आठवत राहिलं.

१९७४ साल. नुकतीच शिक्षिका झाले होते आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. एका मुलाला प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणायला सांगितली होती. रोज विचारायचे, रोज एकच उत्तर. "विसरलो बाई. उद्या नक्की आणतो." असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. पोरगा बेफिकीर आहे, नाहीतर खोटं बोलतोय, अशी माझी खात्रीच होती. कारण हाच मुलगा पाढे घडाघडा म्हणायचा! मग लक्षात राहत नाही म्हणजे काय?

सहाव्या दिवशी सही आली. त्याच्या पाचवीतल्या बहिणीने रात्रीच प्रगतिपुस्तक त्याच्या चपलांवर ठेवलं होतं. मला हसू आलं आणि माझ्यापुरता विषय संपला.

निवृत्तीनंतर वाचायला निवांत वेळ मिळाला, तेव्हा कळलं की तो विषय संपलेला नव्हता. जगात बरीच मंडळी त्याच्यामागे लागली होती. त्याची गोष्ट आज सांगते.

स्मरणशक्तीचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला तो जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी. त्यांचं पुस्तक १८८५ मध्ये आलं. गंमत म्हणजे प्रयोगात विद्यार्थी एकच, ते स्वतः! सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड तयार करून ते पाठ करायचे आणि किती विसरलो ते मोजायचे. पुढे दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, लंडनच्या जोसेफ जेकब्ज यांनी शाळकरी मुलांना आकडे ऐकवून पाहिले. वय वाढतं तसे एका दमात लक्षात राहणारे आकडेही वाढतात, असं त्यांना दिसलं. (हेच जेकब्ज पुढे लोककथा गोळा करण्यासाठी प्रसिद्ध झाले. भारतीय परीकथांचं त्यांचं पुस्तक १८९२ चं.) तेव्हापासून लोकांची समजूत अशी की मुलाचं डोकं हे लहान भांडं. वयाबरोबर भांडं मोठं होतं, जास्त मावतं. माझीही समजूत तीच होती.

ही समजूत पुरेशी नाही हे दाखवणाऱ्यांपैकी एक रशियाच्या इस्तोमिना. १९४८ मध्ये त्यांनी बालवाडीतल्या मुलांना खेळातल्या दुकानात पाच वस्तू आणायला पाठवलं. नुसतं "हे शब्द लक्षात ठेवा" म्हटल्यावर जेवढे आठवले, त्यापेक्षा दुकानाच्या खेळात जास्त आठवले. (१९८६ मध्ये असाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा नेमकं उलटं आढळलं, त्यामुळे हा मुद्दा काही पक्का नाही.) पण मला भावली ती मुलांची वागणूक. अगदी लहानगी यादी पुरती न ऐकताच पळत सुटायची. थोडी मोठी मुलं मात्र यादी पुटपुटायची, पुन्हा विचारून घ्यायची. म्हणजे काय, तर आपण विसरू शकतो हे त्यांना कळलेलं होतं.

मग आले अमेरिकेचे जॉन फ्लेवेल. १९६६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच, सात आणि दहा वर्षांची प्रत्येकी वीस मुलं घेतली. समोर चित्रं मांडायची, त्यातली काही क्रमाने दाखवायची आणि मग मुलाच्या डोक्यावरच्या अंतराळवीरासारख्या टोपीचा पडदा डोळ्यांवर ओढून पंधरा सेकंद थांबायचं. त्या वेळात एक जण फक्त मुलाच्या ओठांकडे बघत बसायचा. चित्रांची नावं मनातल्या मनात घोकताना ओठ हलतात ना, ते टिपायला! पाच वर्षांच्या वीसपैकी फक्त दोघांनी घोकलं. सात वर्षांच्या बाराजणांनी, दहा वर्षांच्या सतराजणांनी.

मग लहानांना घोकणं जमतच नाही का? पुढच्याच वर्षी पहिलीतल्या न घोकणाऱ्या मुलांना हळू आवाजात घोकायला सांगितलं. जमलं की! त्यांना घोकणाऱ्यांइतकंच आठवायला लागलं. पण पुढे "आता तुम्हाला हवं तसं करा" म्हटल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी घोकणं सोडून दिलं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. मुलाकडे हत्यार असतं हो, पण ते आत्ता काढायचं असतं हे त्याला ठाऊक नसतं!

१९७० मध्ये फ्लेवेल मंडळींनी मुलांना विचारलं, "किती चित्रं लक्षात ठेवशील?" बालवाडीतली निम्म्याहून अधिक मुलं म्हणाली, दहाच्या दहा! प्रत्यक्षात जमली तीन-चार. ती खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आपल्या स्मरणाविषयीच्या या जाणिवेला फ्लेवेल यांनी १९७१ मध्ये नाव दिलं, मेटामेमरी. मी त्याला आपलं 'आठवणीचं भान' म्हणते.

आणि १९७५ मध्ये, म्हणजे माझ्या व्हरांड्याच्या प्रकरणानंतर वर्षभरात, बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांच्या मुलाखती छापून आल्या. त्यातला एक प्रश्न ऐका. "उद्या शाळेत स्केट न्यायचे आहेत. विसरू नये म्हणून काय करशील?" मोठ्या मुलांकडे उपायच उपाय. दाराजवळ ठेवीन, चिठ्ठी लिहीन, आईला सांगून ठेवीन. लहानांना एखादाच सुचायचा. म्हणजे चपलांवर प्रगतिपुस्तक ठेवणारी ती पाचवीतली पोर आणि "उद्या नक्की आणतो" म्हणणारा तिचा भाऊ, दोघंही आपापल्या वयाला धरूनच वागत होते. वयाला सोडून अपेक्षा मी करत होते.

पाढ्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं. परवचा आठवतो ना? दिवेलागणीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी एका सुरात. शाळेतही तेच. घोकायचं कधी, किती वेळा, कुठे थांबायचं, हे सगळं बाई ठरवणार. मुलाने फक्त सुरात सूर मिसळायचा. पाठांतर उत्तम व्हायचं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण "हे मी विसरेन, तेव्हा आत्ताच काहीतरी केलं पाहिजे" हे मुलाचं त्याने ठरवायचं असतं, आणि ते आम्ही कधी शिकवलंच नाही. निदान मी तरी नाही.

काही वर्षांपूर्वी एका स्नेहमेळाव्यात तो भेटला. डोक्यावरचे केस गेलेले, बरोबर मुलगी. वाकून नमस्कार केला आणि तिला म्हणाला, "या आमच्या बाई. फार कडक होत्या, म्हणून आम्ही घडलो." व्हरांडा त्याला आठवत होता की नाही कोण जाणे. सांगावं असं फार वाटलं, की अरे, त्या सहीच्या बाबतीत तुझं काही चुकलं नव्हतं. पण भोवती सगळे हसत होते, चहा आला आणि राहूनच गेलं. म्हणून इथे लिहिलं.

असो. सूनबाई, हे वाचशीलच. उद्यापासून बाटली कुठे ठेवायची ते नातीलाच विचारूया. "विसरू नये म्हणून काय करशील?" एवढंच. पहिलं उत्तर बहुतेक "मी लक्षात ठेवीन" असंच येईल. रागवायचं नाही. दुसऱ्या उत्तराची वाट बघायची.