बाटलीतली माती

फेब्रुवारीत गावी गेलो तेव्हा ऊस नुकताच तुटून गेला होता आणि बाबा पाचट पेटवायच्या तयारीत होते. मी शहाणपणा केला. म्हटलं, "जाळू नका, जमिनीतला कर्ब जातो, जिवाणू मरतात." बाबांनी काडेपेटी खिशात ठेवली आणि विचारलं, "नाही जाळलं, तर फरक किती वर्षांत दिसतो?"

मला सांगता आलं नाही. संध्याकाळी पाचट पेटलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असते, कधीही मागे जाऊन बघता येतं. शेताची अशी नोंद कुणी ठेवली असेल का? शोधत शोधत पोचलो लंडनच्या उत्तरेला, हार्पेंडनजवळच्या रोदॅमस्टेडला.

तिथले जमीनदार जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे पट्टे आखले. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी रासायनिक खतं. तो प्रयोग आजही चालू आहे. वेळोवेळी काढलेली माती बाटल्यांत बंद करून ठेवलेली आहे.

गंमत अशी, की योग्य प्रमाणात रासायनिक खत दिलेल्या पट्ट्यांनी शेणखताच्या तोडीस तोड गहू दिला. खत विकणाऱ्या लॉजना हेच हवं असणार. पण मातीचा हिशोब वेगळा निघाला. बिनखताच्या पट्ट्याच्या तुलनेत शेणखताच्या पट्ट्यात कर्ब दुपटीहून जास्त झाला. रासायनिक पट्ट्यांत तो बिनखतापेक्षा थोडाच वर राहिला, तोही पीक जोमदार आल्यामुळे मुळं आणि धसकटं जास्त पडली म्हणून. म्हणजे प्रश्न फक्त खत कुठलं याचा नाही. जमिनीला परत काय मिळतं याचा आहे. १८८२ मध्ये शेताचा एक कोपरा न कापता, न नांगरता सोडून दिला. तिथे आज झाडी आहे, आणि कर्ब कितीतरी वाढलेला आहे.

हे सगळं करतं कोण? जिवाणू आणि बुरशी. त्यांना मोजायची एक युक्ती रोदॅमस्टेडच्याच डेव्हिड जेंकिन्सन आणि डेव्हिड पाउल्सन यांनी १९७६ मध्ये मांडली. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, मग ती काढून टाकून थोडी ताजी माती मिसळायची. नवे जिवाणू मेलेल्यांवर ताव मारतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जितका जास्त, तितके आधी जिवंत होते.

जेंकिन्सननी पुढे याचं गणितच बांधलं. रॉथसी नावाचं ते मॉडेल मी लॅपटॉपवर चालवून पाहिलं. त्यात महिन्या-महिन्याचा हिशोब असतो: तापमान, ओल, चिकणमातीचं प्रमाण. जमिनीत पडलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब जिवाणूंच्या श्वासावाटे हवेतच जातो. थोडासा मागे उरतो. माती जितकी चिकण, तितका जास्त उरतो. तापमान वाढलं की जिवाणू झपाट्यानं खातात. म्हणजे आपल्या उन्हात इंग्लंडपेक्षा शिल्लक टिकवणं अवघड. जाळण्यात मात्र ती थोडी शिल्लकही पडत नाही.

परवा बाबांना फोन केला. सांगितलं, "दोन-चार वर्षांत कर्ब मोजून फारसा दिसणार नाही. दरवर्षी घालत राहावं लागतं. थांबलो की पुन्हा उतरतो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या खोडव्याला चार सऱ्या तशाच ठेवतो. बाकीचं मी करीन माझ्या पद्धतीनं. पण मोजायला दरवर्षी तू यायचंस."

मी हो म्हणालो. पहिली बाटली धुऊन ठेवली आहे.