ह–स–ल (अरबी धातू)

मिळणे, हाती येणे, साठणे या अर्थांचा अरबी त्रिवर्णी धातू. अरबीत ठरावीक व्यंजनांच्या चौकटीत स्वर व उपसर्ग बदलून शब्दकुळ उभे राहते: ‘हासिल’ म्हणजे मिळालेले, ‘महसूल’ म्हणजे निघालेले उत्पन्न, ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे. आजच्या अरबीत ‘महसूल’ शेतातले पीक असते. फार्सीत ‘तहसील’ म्हणजे विद्यार्जनही.

मराठीत हे कुळ फार्सी कारभारातून आले आणि खोल रुजले. उदाहरणार्थ, सांगली जिल्ह्यातील माधवनगर मिरज तालुक्यात येते. तेथील जमिनीचा सारा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ठरतो आणि तालुक्याचा महसुली अधिकारी तहसीलदार असतो. ‘तालुका’ मात्र अ–ल–क (टांगणे, जोडणे) या धातूचा. ‘वसूल’देखील वेगळाच, त्याचे मूळ व–स–ल, म्हणजे पोहोचणे. उच्चारसाम्यामुळे त्याला या कुळात गणणे चूक आहे.

सर्वांत मोलाची भर बोलीतली आहे. ‘हासिल’चे ‘हशील’ झाले. ‘रडून काय हशील?’ या प्रश्नात सरकारी जमा मागे पडून निव्वळ फायदा उरला. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींत ‘टपालहंशील’ म्हणजे टपालखर्च.