पाथरीचा आमदार लागोपाठ दुसऱ्यांदा का येत नाही?

परभणी जिल्ह्याच्या राजकारणाविषयी बोलताना पाथरीचा हिशेब बहुधा जात आणि धर्म या दोन शब्दांत मिटवला जातो. शिवसेनेच्या वाढीच्या काळात ‘खान की बाण’ हा प्रचार या जिल्ह्यात गावोगाव पोहोचला आणि तेव्हापासून इथले प्रत्येक मतदान त्याच चष्म्यातून पाहण्याची सवय लागली. विधानसभेचे निकाल मात्र वेगळेच सांगतात. 2004 मध्ये राष्ट्रवादीचे अब्दुल्ला खान ऊर्फ बाबाजानी दुर्राणी निवडून आले, 2009 मध्ये शिवसेनेच्या मीरा रेंगे, 2014 मध्ये अपक्ष मोहन फड, 2019 मध्ये काँग्रेसचे सुरेश वरपूडकर आणि 2024 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे राजेश विटेकर. पाच निवडणुकांत पाच आमदार झाले. माझ्या मते याचा अर्थ एवढाच, की पाथरीकर चिन्हाआधी माणूस तोलतो आणि कोणत्याही पक्षाला ही जागा कायमची लिहून देत नाही.

ही वृत्ती समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. मध्ययुगात पाथरी हे मोलाचे ठाणे होते. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज इथले कुलकर्णी होते असे मानले जाते आणि बुऱ्हाण निजामशहाने 1518 मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून हे ठाणे जिंकून घेतले. पण राज्य कोणाचे, हे ठरवण्यात रयतेला काही वाटा नव्हता. पुढे हैदराबादच्या निजामाच्या अमलातही जबाबदार राज्यपद्धती आली नाही. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले आणि 1952 मध्ये प्रौढ मतदानाचा हक्क प्रथमच हाती आला. सगळ्या देशात काँग्रेसची लाट असताना परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठवले. 1977 मध्ये याच पक्षाचे शेषराव देशमुख परभणीचे खासदार झाले. म्हणजे मोठ्या पक्षाला नकार देण्याचे धाडस या भागाने पहिल्याच मतदानात दाखवले होते. मधल्या काळात काँग्रेसचे, तर 1990 च्या दशकात पाथरीत शिवसेनेचे हरिभाऊ लहाने यांचे वर्चस्व राहिले. पण तेही टिकले नाही.

सर्वांत बोलका पुरावा मोहन फड यांचा आहे. 2014 मध्ये चार मोठे पक्ष वेगवेगळे लढत असताना पाथरीने अपक्षाला निवडले. पुढे ते भाजपमध्ये गेले, 2019 मध्ये कमळ घेऊन उभे राहिले आणि वरपूडकरांकडून हरले. माणूस तोच होता, पाठीशी सत्ताधारी पक्ष होता, तरी जागा राखता आली नाही. राजेश विटेकरांचा प्रवास नेमका उलटा झाला. 2019 च्या लोकसभेला ते शिवसेनेच्या संजय जाधवांकडून पराभूत झाले आणि पाच वर्षांनी पाथरीचे आमदार झाले. एका निवडणुकीतला पराभव इथे कोणाला कायमचा बाद करत नाही, तसा विजयही कोणाला कायमचा पट्टा देत नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, हे सगळे जातीधर्माच्या गणिताचेच परिणाम आहेत. गणित आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लोकसंख्येची रचना पाच वर्षांत पालटत नाही, आमदार मात्र पालटतो. न बदलणाऱ्या कारणाने सतत बदलणाऱ्या निकालाचा उलगडा होत नाही. दुसरा आक्षेप मतदारसंघाच्या फेररचनेचा. 2008 नंतर पाथरी, मानवत, सोनपेठ हे तालुके आणि परभणी तालुक्यातला काही भाग मिळून हा मतदारसंघ झाला. हा मुद्दा 2009 पुरता मान्य. पण त्याच हद्दीत पुढच्या तीन निवडणुकांनी तीन नवे आमदार दिले. तिसरा आक्षेप लोकसभेचा: तिथे 1999 पासून शिवसेनाच जिंकत आली, मग पक्षनिष्ठा नाही कशी? लोकसभेत पाथरीसह सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, त्यामुळे तो कौल एकट्या पाथरीचा धरता येत नाही. शिवाय 2004 मध्ये शिवसेनेचे तुकाराम रेंगे पाटील खासदार झाले, त्याच वर्षी पाथरीची आमदारकी राष्ट्रवादीकडे गेली. खासदारकी आणि आमदारकी यांचा हिशेब निदान एकच राहिला नाही.

पक्षापलीकडे पाहण्याची ही वृत्ती निवडणुकीबाहेरही दिसली. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींचा उल्लेख केला, तेव्हा जन्मस्थानाच्या या दाव्याला विरोध म्हणून शिर्डीने बंद पाळला. त्या वादात दुर्राणी आणि खासदार संजय जाधव हे जिल्ह्याच्या राजकारणातले एकमेकांचे विरोधक पाथरीच्या बाजूने बोलले. गावाचा प्रश्न आला की इथे पक्षाची भिंत पातळ होते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

या सवयीची किंमतही आहे. दर पाच वर्षांनी नवा माणूस आला, तर आधीच्याने अर्धवट सोडलेल्या कामाचा जाब कोणी द्यायचा? पक्षाला न बांधलेला मतदार स्वतंत्र खरा, पण त्या स्वातंत्र्याला मागण्यांची जोड नसेल तर उमेदवार फक्त चिन्ह बदलतात आणि प्रश्न तसेच राहतात. पाथरीकरांनी आमदार बदलण्याची ताकद पाच वेळा दाखवली आहे. आता सहाव्या वेळी, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून आधीच्या पाच वर्षांचा हिशेब त्यांनी मागावा.