बाराव्या दिवशी आलेले

कल्याणच्या पारनाक्याजवळच्या आमच्या जुन्या घरात, पावसाळ्यातील संध्याकाळी वीज गेली म्हणजे (आणि त्या काळी ती वरचेवर जात असे), मोठी काकू माजघरात कंदिलाच्या उजेडाला ताट घेऊन तांदूळ निवडावयास बसे, आणि भोवती जमलेल्या आम्हां पोरांचा गलका आवरावा एवढ्याच हेतूने आम्हांला उखाणे घाली. बहुतेक उखाणे वस्तूंचे असत. जाते, कुलूप, नारळ, पणती अशी त्यांची उत्तरे घरात कोठेतरी नजरेसमोरच असल्यामुळे, दोनचार वेळा चुकल्यावर का होईना, ती सापडत. एका रात्री मात्र तिने असा उखाणा घातला की, ज्याचे उत्तर घरात असून कोठेच दिसत नव्हते:

बाराव्या दिवशी आलं, जन्माचं सोबती झालं;
माझं म्हणून दिलं, ते जगानं वापरलं;
मी गेले तरी मागं राहिलं.

‘पाळणा’, असे थोरल्या चुलतभावाने तत्काळ जाहीर केले. बाराव्या दिवसाची खूण त्याने बरोबर हेरली होती; परंतु पाळणा वर्षादीड वर्षात माळ्यावर जातो, तो जन्माचा सोबती कसा व्हावा? मी ‘सावली’ म्हणालो. ‘तुझी सावली बाराव्या दिवसाची वाट बघत बसली होती का रे?’ असे म्हणून काकूने ताटातला एक खडा बाजूस टाकला. शाळेत नुकताच निबंध लिहून आलेल्या दुसऱ्या एकाने ‘कीर्ती’ असे भारदस्त उत्तर दिले. त्यावर ती खोलीत जमलेल्या कोणालाही मिळण्याचा संभव नाही, असा निकाल मिळाला. अखेर ज्या धाकट्या बहिणीने त्याच आठवड्यात आपल्या बाहुलीचे बारसे उरकले होते तिनेच ‘नाव!’ म्हणून ओरडून आम्हां सर्वांस लाजविले.

अमूर्ताचा उखाणा उलगडावयाचा तो असाच, कज्ज्यात साक्षीपुरावा ताडून पाहावा तसा. एकेक अट पुढे घ्यावी, उत्तराला तिच्यासमोर उभे करावे, आणि एका जरी अटीला ते उतरले नाही तर बाकीच्या चारांना उतरले म्हणून त्याची भीड धरू नये. यात खरा अडथळा यमकाचा असतो. आलं, झालं, दिलं अशा पायऱ्यांवरून कान इतक्या सुखाने घरंगळत जातो की, किल्ली ज्या एका शब्दाला टांगलेली असते त्यावर क्षणभरही थांबावे, असे त्याला वाटत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींना कोड्यात बसविण्याची ही हौस फार पुरातन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात, जे दीर्घतमस् ऋषीचे म्हणून सांगतात, बारा आऱ्यांचे न झिजणारे एक चाक आणि त्यावर जोडीजोडीने उभे असलेले ७२० पुत्र यांचे वर्णन येते; ते चाक म्हणजे संवत्सर, आणि पुत्र म्हणजे ३६० दिवस व तितक्याच रात्री. वनपर्वातील यक्षानेही युधिष्ठिराला बहुतांशी अमूर्तांविषयीच छेडले, आणि दंडीने तर काव्यादर्शात प्रहेलिकेचे सोळा प्रकार मोजून ठेवले. मराठीत हा वारसा संतांच्या कूट अभंगांतून शाहिरांच्या फडापर्यंत आला: शक्तीला थोर मानणारे कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले रात्ररात्र एकमेकांस भेदिक सवाल घालीत, आणि कोकणातून चाकरीसाठी मुंबई-ठाण्याकडे आलेल्या मंडळींनी शक्ती-तुऱ्याचे सामने इकडेही आणले. दुर्गाबाई भागवतांनी १९६५ साली भारतीय कोड्यांवर एक स्वतंत्र इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. पण विद्वानांनी कोड्याकडे वळण्याच्या कितीतरी आधीपासून ही विद्या माजघरांनी सांभाळली होती.

उखाणा हा शब्द ‘उपाख्याना’वरून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. परंतु आज डोंबिवलीतल्या एखाद्या मुलीला उखाणा विचारा. ती कोडे घालणार नाही, लाजून किंवा न लाजता नवऱ्याचे नाव घेईल. एकाच नामाला दोन क्रियापदे जोडून मराठीने दोन वेगळे व्यवहार केले आहेत: उखाणा घालावयाचा तो कोड्याचा, आणि घ्यावयाचा तो नावाचा. पहिला मागे पडला आणि दुसऱ्याने शब्दाची सगळी मिरास बळकावली. हे केवळ अपघाताने झाले, असे मला वाटत नाही. कोड्यात काही तरी दडविलेले असते; आणि जुन्या घरातील सुनेच्या तोंडी सर्वांत कसोशीने दडविलेली गोष्ट कोणती, तर नवऱ्याचे नाव.

ज्याला आपले कल्याण व्हावे असे वाटते त्याने स्वतःचे, गुरूचे, अतिकृपणाचे, ज्येष्ठ अपत्याचे आणि पती वा पत्नीचे नाव उच्चारू नये, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आहे. त्यातला कृपण आणि गुरू लोक सोयीने विसरले, पती तेवढा लक्षात राहिला. नाव घेतल्याने त्याचे आयुष्य उणावते, या समजुतीपायी ‘इकडची स्वारी’, ‘तिकडून’, ‘अहो’ अशा आडवाटांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार झाले. गंमत अशी की, जिभेने जे टाळले ते दफ्तराने कधीच टाळले नाही. प्रांत कल्याणचा सुभा असो की १७७४ नंतर इंग्रजांच्या अमलाखाली जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बनलेल्या ठाण्याची कचेरी असो, कागदावर पुरुष ‘बिन’ वा ‘वल्द’ लावून बापाशी बांधला जाई आणि बाई ‘कोम’ लावून नवऱ्याशी: सगुणा कोम धोंडू. जबानी देण्यास आलेल्या अशा सगुणेला कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले म्हणजे तिने खाली पाहावे, आणि बरोबर आलेल्या दिराने ते सांगावे. कागदाला नावाची गरज, आणि बाईला ते वर्ज्य.

म्हणून तिला ते बोलण्याचा परवाना यमकाने दिला. लग्नातील घास, उंबरठ्यावरचे माप, श्रावणातील मंगळागौर, डोहाळेजेवण, संक्रांतीचे हळदीकुंकू अशा नेमक्या प्रसंगी, चार बायकांच्या आग्रहाने आणि दोन चरणांच्या आडोशाने, एरवी निषिद्ध असलेले ते नाव उघडपणे उच्चारता येई. कोड्यात यमक ऐकणाराला वाट चुकविते. येथे तेच यमक बोलणारीला हात धरून अवघड शब्दापर्यंत पोहोचविते. ही रीत ब्राह्मणी माजघरांपुरती होती, असेही नव्हे. ज्या आगरी गावांच्या भातखाचरांवर आजची डोंबिवली उभी आहे, तेथे तर लग्न लावण्याचा मानच धवळे गाणाऱ्या धवलारिणीचा, म्हणजे गाणाऱ्या बाईचा.

या रिवाजाचे शेवटचे खरे दर्शन मला आगगाडीत घडले. जानेवारीतली सकाळ होती, आणि जाळीपलीकडल्या बायकांच्या डब्यात संक्रांतीचे हळदीकुंकू रंगात आले होते. तिळाच्या वड्यांचा डबा गर्दीतून हातोहात फिरत होता. एका बाईला आग्रह झाला आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली:

पारसिकच्या बोगद्यात दाटला अंधार,
…रावांच्या सोबतीनं हलका संसाराचा भार.

परंतु नेमकी त्याच क्षणी आमची जलद गाडी त्या १९१६ सालच्या, सव्वा किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरली आणि तिच्या खडखडाटात, ज्या एका शब्दासाठी एवढा खटाटोप होता, तो शब्दच बुडाला. ‘ऐकू नाही आलं! पुन्हा!’ असा ओरडा झाला. उजेड आल्यावर तिने ते पुन्हा घेतले, आणि या वेळी यमकाचा फापटपसारा न करता नुसते नावच घेतले. आता घरोघरी नवऱ्याला नावानेच हाक मारतात. दडविण्यासारखे काही उरले नसल्यामुळे उखाणा नुसता हौसेचा झाला आहे, आणि तो पाठ करण्याच्या छोट्या पुस्तिका विकत मिळतात. मला याचे दुःख नाही. पुस्तिकांमधली यमके मात्र फार सुमार असतात, एवढीच माझी तक्रार.

काकूच्या उखाण्यात एक अट खोटी आहे, हे माझ्या ध्यानी यावयास फार वर्षे लागली, आणि ते आले ते आमच्याच गावच्या एका मुलीमुळे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणास जोश्यांच्या घरी जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. १८७४ साली, नऊ वर्षांची असताना, टपाल खात्यातील गोपाळराव जोश्यांशी तिचा विवाह झाला. ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने नववधूचे नवे नाव लिहावयाचे आणि साखर वाटावयाची, ही आपल्याकडील रीत. यमुनेची आनंदी झाली. आडनाव दोन्ही घरचे जोशीच असल्यामुळे ते तेवढे बचावले. १८८३ साली ती कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली, १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यास ती निवर्तली. गोपाळरावांनी तिची रक्षा ज्यांना पाठविली, त्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी, ती पुरलेली आहे, आणि वर दगड आहे. ‘मी गेले तरी मागं राहिलं’ हा चरण त्या दगडाने अक्षरशः खरा केला. पण बाराव्या दिवशी आलेले ते नाव त्यावर नाही. त्यावर आहे ते नवव्या वर्षी आलेले.

हे वाचून झाल्यावर एकदा मी काकूकडे गेलो. तोवर वीज जाणे कमी झाले होते; ती त्याच ताटात, पण ट्यूबलाइटच्या उजेडात, तांदूळ निवडीत होती. तिला आम्ही जन्मभर काकू म्हटले, सासूसासरे तिला सासरच्या नावाने हाक मारीत, आणि माहेरचे तर कोणी उरलेच नव्हते. मी विचारले, ‘काकू, तुझं बारशाचं नाव काय गं?’

तिने मान वर केली नाही. ‘उखाणा तुम्हांलाच घातला होता ना,’ ती म्हणाली, ‘ओळखा की.’ आणि ताट हलवून तिने तांदूळ सारखे केले.