जाळीपलीकडची गर्दी

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, कॉर्बेल गावाजवळच्या एका शेतघरात २८ मे १९३४ रोजी दिऑन दांपत्याला एकाच बाळंतपणात पाच मुली झाल्या. पाचींचे मिळून वजन जेमतेम सहा किलो. दिवस मंदीचे, घरात आधीची पाच मुले. काही दिवसांतच बापाने, ओलिवा दिऑन यांनी, या बाळांना शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ठेवण्याच्या करारावर सही केली. लगेच माघारही घेतली, पण सरकारला तेवढे निमित्त पुरले. मुलींचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून प्रांताने त्यांचा ताबा घेतला आणि १९३५ मध्ये खास कायदा करून पालकत्व स्वतःकडे ठेवले. जबाबदारीचा प्रश्न निघाला की ‘त्या काळाच्या मापाने पाहा’ असे म्हणतात. इथे ते माप त्या काळानेच कायद्यात लिहून ठेवले होते. अजाण लेकरांचे प्रदर्शन मांडणे गैर, हे सरकारला तेव्हाच पुरते ठाऊक होते.

तरी त्याच सरकारने प्रदर्शन मांडले. आईबापांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, डॉ. अ‍ॅलन डेफो यांच्या देखरेखीखाली मुलींसाठी शिशुगृह उभे राहिले. १९३६ पासून खेळायच्या अंगणाभोवती छप्पर घातलेली फिरती वाट होती. तिच्या जाळीतून बाहेरच्यांना मुली दिसत, मुलींना बाहेरचे धड दिसत नसत. दिवसातून दोन-तीनदा मुलींना अंगणात सोडायचे आणि लोकांनी पुढे सरकत पाहत जायचे. १९४३ पर्यंत सुमारे ३० लाख माणसे येऊन गेली. प्रवेश फुकट, कमाई पेट्रोल, खाणावळी, जाहिराती आणि आठवणवस्तूंची. बापाचेही दुकान होते. ताबा काढून घेतला गेलेल्या माणसानेच गल्ल्यावर बसावे, इतकी ती जत्रा सर्वांना सोयीची झाली होती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की शिशुगृह नसते तर मुली जगल्याच नसत्या. पहिल्या वर्षापुरते ते मान्य करू. पण जीव वाचवायला दाई, दूध, ऊब लागते. प्रेक्षकांची वाट लागत नाही. दुसरा बचाव जाळीचा: मुलींना कळतच नव्हते, मग इजा कसली? पलीकडे माणसे आहेत याची जाणीव होती, असे या बहिणींनी मोठेपणी सांगितले. शिवाय न कळण्याने प्रदर्शनावरचा आक्षेप उलट बळावतो. ज्याला कळते तो निदान नाही म्हणू शकतो, मोबदला मागू शकतो. जाळीमुळे बघणाऱ्यांची मात्र सोय झाली. समोरून कोणी रोखून पाहत नसले, की स्वतःच्या पाहण्याची लाज वाटत नाही. तिकीट नाही, धक्काबुक्की नाही, मुली हसताहेत. प्रत्येकाने फक्त नजर टाकली. त्या नजरांच्या जोरावरच सारा धंदा उभा होता, म्हणून त्यांतली एकही अगदी निर्दोष म्हणवत नाही. अर्थात भाबड्या प्रवाशाचा आणि कायदा करणाऱ्याचा दोष एका तागडीत तोलता येणार नाही.

मुली घरी परतल्या १९४३ मध्ये, नऊ वर्षांच्या होऊन. त्यांच्या नावे साठलेल्या निधीतून शिशुगृहाचाही खर्च भागवला गेला होता. १९९८ मध्ये प्रांताने हयात असलेल्या तिघींना ४० लाख डॉलर दिले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एका जोडप्याला एकाच वेळी सात मुले झाली, तेव्हा या तिघींनी त्यांना जाहीर पत्र लिहून मुलांचे प्रदर्शन होऊ देऊ नका, असे विनवले. पत्र आईबापांना होते. बघायला जाणाऱ्यांना कोणत्या पत्त्यावर लिहायचे?