पोटात राहिलेला टॉवेल आणि सरकारचे कवच

१/ जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री प्रसूत झाली. १३ जुलैला तिच्यावर कुटुंबनियोजनाची साधी शस्त्रक्रिया झाली. मात्र त्यानंतर तीव्र ताप आणि वेदना सुरू झाल्या. २३ जुलैला पोट पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेतला टॉवेल आत सापडला. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला.

२/ कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, त्यामुळे तेथील नोकरांच्या चुकीसाठी शासन जबाबदार धरता येत नाही, असे त्याचे एक कारण होते.

३/ या युक्तिवादाचे मूळ १८६१ सालच्या कलकत्त्यात सापडते. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील कामगारांच्या हातून लोखंडाचा अवजड तुकडा पडला आणि एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. सरकारला भरपाई मागता येते का, हा प्रश्न होता.

४/ मुख्य न्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी भेद केला : जे काम खाजगी व्यक्तीही करू शकते, त्यात सरकार जबाबदार, जे केवळ राज्यसत्ताच करू शकते, त्यात नाही. गोदी पहिल्या प्रकारात मोडली आणि घोड्याची भरपाई मान्य झाली.

५/ स्वातंत्र्यानंतरही हा भेद टिकला. पोलिसांनी जप्त केलेले एका व्यापाऱ्याचे सोने घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, तेव्हा १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. कारण जप्ती हा सार्वभौम अधिकाराचा वापर होता.

६/ डॉक्टरांची जबाबदारी मात्र स्पष्ट होत होती. पुण्यातील एका तरुण रुग्णाच्या मृत्यूच्या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि तो करताना वाजवी काळजी घेणे. पालकांची ३,००० रुपयांची भरपाई कायम राहिली.

७/ औरंगाबादचा खटला, ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाली निघाला. पोटात टॉवेल राहणे हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. रुग्णालय खाजगी संस्थाही चालवतात. ते कल्याणकारी कार्य आहे, केवळ राज्यसत्तेचे नव्हे. शासनावरील ३६,००० रुपयांची जबाबदारी पुन्हा कायम झाली.

८/ या निकालाचे मोल एका दुसऱ्या निकालाशेजारी ठेवल्यावर कळते. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. मात्र जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये वगळली. पैसे मोजणाऱ्या रुग्णाला ग्राहक न्यायालयाचे दार उघडले. मोफत रुग्णालयातील गरिबाला दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरला.

९/ तेथेही ‘सार्वभौम कार्य’ म्हणून दार बंद झाले असते, तर ज्याला सरकारी दवाखान्याखेरीज पर्याय नाही, नेमका तोच रुग्ण दादेविना राहिला असता. खोडवा निकालाने ते दार उघडे ठेवले.

१०/ त्यासाठी लागलेला काळ मात्र त्या जुलैत जन्मलेल्या बाळाच्या वयाइतका होता : बत्तीस वर्षे. एका कुटुंबाच्या एवढ्या प्रतीक्षेतून हा नियम घडला : रुग्णाने पैसे भरलेले नसले, तरी त्याच्या जिवाची जबाबदारी शासनाला टाळता येत नाही.